कातर रे भाजी

नमस्कार श्रोते हो. घाबरलं की शरीरात काय होतं, ते आज पाहू. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामतांनी तो घडवला, १९४५ सालचा. मोहनिद्रेचं, म्हणजे संमोहनाचं, मर्म ओळखणारे हे पाद्री फारिया आपल्या कांदोळीचे, जन्म १७५६चा. त्यांची एक गोष्ट गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात.

तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीच्या चॅपेलमध्ये प्रवचनाला उभे राहिले. समोर राणी, उमराव, सगळा दरबार. आणि तोंडातून शब्द फुटेना! खालीच वडील बसले होते. पोराची अवस्था त्यांनी ओळखली आणि हळूच कोंकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर माणसं नाहीत, भाजी आहे, काप खुशाल. म्हणतात, त्यानंतर फारियांची वाणी अशी सुटली की थांबेना.

तर जीभ का अडली? भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. काळीज धडधडतं. पातळ लाळ आटते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, जठर मंदावतं. मोठं आतडं मात्र घाई करतं. परीक्षेच्या सकाळी मुलं चार वेळा संडासला पळतात ती त्यामुळेच. पुन्हा सांगते: जठर मंद, आतडं घाईत. म्हणून भांडण करून लगेच जेवायला बसलं की शीतकढी, म्हणजे साधा कढीभातसुद्धा पोटात दगडासारखी बसते. अर्धा तास जाऊ द्या, मग पान वाढा. आणि मुलांना ताटावर बसवून मार्कांचा हिशेब विचारणारे आईबाप, त्यांना काय म्हणावं!

फारियांच्या वडिलांनी दरबार हलवला नाही, पोराच्या मनातलं चित्र बदललं. ते जमत नसेल तर श्वास धरा हाताशी. नाकानं चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. असं पाच मिनिटं. बाहेर सोडताना वेगस नावाची नस काळजाचा वेग उतरवते, म्हणून सोडणं लांब हवं. सोडणं लांब, लक्षात ठेवा. चूक होते ती इथे: लोक भात्यासारखे जोरजोरात श्वास ओढतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, घेरी येते आणि घाबरणं आणखी वाढतं. हळू घ्या. पोट हलायला हवं, खांदे नव्हेत.

रक्तदाब मोजतानाही तेच, आधी शांत व्हा. जिना चढून आल्या आल्या दंड पुढे करू नका. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. अर्धा तास आधी चहा नको, विडी नको.

एक मात्र सांभाळा. छातीत दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर टेन्शन असेल म्हणून घरी भाजी कातरत बसू नका. १०८ लावा.