‘गे’ कुठे येतो, कुठे गळतो

नमस्कार श्रोतेहो. जर्मन शिकायला लागलं की काही आठवड्यांतच ‘पार्टिझिप’, म्हणजे धातूपासून बनणारं कृदंत, आडवं येतं. केलं, प्यालो, समजलं ही भूतकाळाची रूपं त्यातूनच होतात, आणि रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस भूतकाळ बहुतेक यांच्यावरच भागवतो.

घडण सोपी आहे. धातूच्या आधी ‘गे’, शेवटी ‘ट’. माखेन म्हणजे करणं, त्याचं गेमाख्ट. काही जुने, सतत वापरातले धातू मात्र शेवटी ‘एन’ घेतात आणि पुष्कळदा मधला स्वरही बदलतात: ट्रिंकेन म्हणजे पिणं, त्याचं गेट्रुंकेन. ते पाठच करायचे, इलाज नाही.

खरी गंमत ‘गे’ गळतो तिथे आहे. श्टुडीरेन म्हणजे शिकणं, त्याचं नुसतं श्टुडीर्ट; फेरश्टेएन म्हणजे समजणं, त्याचं फेरश्टांडेन. पुस्तकं इथे उपसर्गांची यादी देतात: बे, एर, फेर, त्सेर, एन्ट. मला विचाराल तर यादीपेक्षा कानावर भरवसा ठेवा. मूळ धातू म्हणताना जोर पहिल्याच अक्षरावर पडला तर बहुतेक वेळा ‘गे’ येतो. जोर पुढे सरकला की ‘गे’ नाही. माखेनमध्ये जोर ‘मा’वर. श्टुडीरेनमध्ये ‘डी’वर, फेरश्टेएनमध्ये ‘श्टे’वर.

आता उमफारेन घ्या. लिहायला एकच, पण धातू दोन. जोर ‘उम’वर दिलात तर अर्थ गाडीच्या धडकेने आडवं करणं, आणि रूप उमगेफारेन, ‘गे’ उपसर्गाच्या मागे, मधेच शिरतो. जोर ‘फा’वर दिलात तर वळसा घालून जाणं, रूप उमफारेनच. म्हणजे रस्त्यावरचा खांब पाडला की चुकवला, ते या ‘गे’वर ठरतं. पोलिसांपुढे जबाब देताना जरा जपून!

राहिला प्रश्न या रूपाच्या सोबतीला येणाऱ्या क्रियापदाचा, हाबेन (जवळ असणं) की झाइन (असणं). सकर्मक धातूला हाबेन. जागा किंवा अवस्था बदलली, म्हणजे जाणं, येणं, मरणं, तर झाइन. ‘मी गेलो’ पण ‘मी खाल्लं’ हा भेद मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. अर्धंच, कारण ‘मी झोपलो’ आपल्याकडे ‘मी गेलो’सारखं चालतं, तर जर्मनमध्ये झोपण्याला हाबेन आणि झोप लागण्याला झाइन. बसण्यालाही पुस्तकात हाबेनच सापडेल. पण बव्हेरियात, ऑस्ट्रियात लोक सर्रास ‘इश बिन गेझेसेन’ (मी बसलो) म्हणतात, म्हणजे झाइन लावतात (‘बिन’ हे त्याचंच रूप), आणि तिकडे ते बरोबरच आहे. म्युनिकला जाणाऱ्यांनी ते ऐकून आपली वही खोडायला घेऊ नये.