कपोलाचा ‘ड्रॅक्युला’: डोळे खूश, मन मात्र ल्युसीपाशी अडकलेलं

नमस्कार मंडळी! ड्रॅक्युलाच्याच गोष्टीवरचा दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेरातू’ येऊन गेल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. “ताई, दिग्दर्शक कपोलाचा १९९२ चा ‘ड्रॅक्युला’ तुम्हाला आवडतो की नाही? एकदा काय ते सांगून टाका.” बसा, सांगते.

गोष्ट माहीत आहे सगळ्यांना, म्हणून पटकन. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. हार्कर नावाचा तरुण वकील घराच्या व्यवहारासाठी काउंट ड्रॅक्युलाकडे जातो आणि किल्ल्यात अडकतो. काउंट लंडनला येतो. आधी ल्युसीचा बळी जातो, मग त्याची नजर हार्करच्या वाग्दत्त वधूवर, मीनावर. काउंट म्हणजे गॅरी ओल्डमन, मीना विनोना रायडर, हार्कर कियानू रीव्ह्ज. झालं.

आता सावलीकडे या. काउंट हार्करशी अगदी अदबीने बोलतोय, आणि मागे भिंतीवर त्याची सावली हात पसरून हार्करच्या गळ्याकडे चाललीय. यावर दर वेळी कमेंट येते, “त्या काळात एवढं भारी व्हीएफएक्स!” अहो, तिथे कॉम्प्युटर नाहीच! पडद्यामागे दुसरा माणूस उभा आहे, काउंटच्याच पेहरावात. त्याच्या मागून उजेड सोडलाय. आपल्याला दिसते ती त्याची सावली. ओल्डमन हलला की तो हलतो, आणि मुद्दाम जरा उशिराने हलतो.

कपोलाचा हट्टच होता की गोष्ट १८९७ ची, तर युक्त्याही सिनेमाच्या बालपणातल्याच हव्यात. कॉम्प्युटरशिवाय हे जमणार नाही म्हणणाऱ्या तंत्रज्ञांना त्याने निरोप दिला आणि काम आपल्या मुलाकडे, रोमनकडे सोपवलं. व्हॅम्पायर झालेली ल्युसी शवपेटीत परत शिरते तो शॉट उलटा चालवलेला आहे. तुळईवरून उलटे चालणारे उंदीर म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा केलेलं चित्रण. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्वतःशीच हात मिळवतंय असे ‘डबल रोल’ फोटो ते काढायचे. आधी अर्धी फ्रेम झाकायची, मग दुसरी अर्धी. त्यामुळे उंदरांचं कोडं मला लगेच सुटलं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी पौराणिक चमत्कार पडद्यावर आणले तेही असल्याच कॅमेऱ्यातल्या करामतींवर. आणि मीना काउंटबरोबर सिनेमॅटोग्राफ, म्हणजे तेव्हा नवीनच आलेला हलत्या चित्रांचा खेळ, बघायला जाते ना, तसा खेळ आदल्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये झाला होता. तो प्रसंग आला की मला फार आनंद होतो.

पण सावलीचं अजून संपलं नाही. तो उशीर नीट बघा. कॉम्प्युटरने सावली काढली असती तर ती हवी तिथे बिनचूक बसवता आली असती. इथे दोन माणसं एकमेकांचा अंदाज घेत हलतायत, म्हणून ताळमेळ किंचित चुकतो आणि अंगावर काटा येतो. शिवाय काउंटचं शरीर यजमानाचं काम करतंय आणि सावली शिकाऱ्याचं. त्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला सांगायला एकही संवाद लागत नाही. म्हणून “नुसती स्टाईल आहे, आशय कुठंय?” असं कुणी लिहिलं की मला मनापासून राग येतो. या सिनेमात भीती स्टाईलमधूनच येते. वेशभूषाकार एइको इशिओकाचे कपडे बघा! ल्युसीला ज्या पांढऱ्या पोशाखात पुरतात, त्याची कॉलर गळ्याभोवती झालर फुलवणाऱ्या सरड्यावरून सुचलेली आहे. या कामाला ऑस्कर मिळालं ते शंभर टक्के योग्य.

मध्येच एक, कारण रोज कुणीतरी लिहितंच. “ड्रॅक्युला दिवसा कसा फिरतो? चूक आहे.” चूक नाही! कादंबरीतही तो भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या मुर्नाऊच्या मूळ ‘नोस्फेरातू’ सिनेमातून आलं. कपोलाच्या सिनेमात तर व्हॅम्पायरच्या मागावर असलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग हे स्वतः बोलून दाखवतो. ऐका तरी!

मग माझं मन खट्टू कशाने होतं? प्रेमकथेने. सिनेमाच्या नावात ब्रॅम स्टोकर आहे, पण काउंटची मेलेली बायको, मीना म्हणजे तिचाच पुनर्जन्म, शतकांची विरहकथा, यातलं काहीही स्टोकरने लिहिलेलं नाही. बदल केला म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार अशी की सुरुवातीला याच काउंटने हार्करच्या डोळ्यांदेखत एक तान्हं बाळ किल्ल्यातल्या तीन व्हॅम्पायर बायकांपुढे टाकलंय, आणि पुढे त्याच्यासाठी मी डोळे पुसावेत अशी सिनेमाची अपेक्षा आहे. संगीत तसं, मेणबत्त्या तशा, ओल्डमनचा आवाज तर काळीज पिळवटणारा. आणि डोळे येतातही भरून, कारण तो नट तेवढा मोठा आहे.

पण मग मीनाला कळतं की ल्युसीला मारणारा हाच. ल्युसी, तिची जिवाभावाची मैत्रीण. मीना त्याच्या छातीवर मुठी मारते, आणि त्याच दमात “माझं तुझ्यावर प्रेम आहे” म्हणते. तिथे माझा आणि सिनेमाचा धागा तुटतो. मैत्रिणीच्या मरणाला एवढीच जागा? दोन मिनिटं तरी तिला गप्प बसू द्यायचं होतं, चिडू द्यायचं होतं, त्याच्यापासून लांब जाऊ द्यायचं होतं. इतक्या कष्टाने उभी केलेली सावली त्या क्षणी भिंतीवरून पुसून टाकल्यासारखी होते. कारण काउंट आता शिकारी राहतच नाही, फक्त दुःखी प्रियकर उरतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हीच प्रेमकथा सगळ्यात जवळची वाटते, हे कमेंट वाचून मला माहीत आहे. त्यांनी मला खाली नक्की लिहा: ल्युसीचं काय? फक्त “तो शापित होता हो, ताई” असं लिहू नका. तेवढं उत्तर मला पुरत नाही.