कल्याण सुटल्यानंतरची लोकल

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य रेल्वेच्या कल्याण स्थानकात फास्ट लोकल शिरली की डब्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "ही कर्जत का कसारा?" विचारणारा दादरला नाहीतर ठाण्याला धावत चढलेला असतो; इंडिकेटर बघायला सवड कुणाला? दारातलं कुणीतरी मान न वळवताच सांगतं, "कसारा! उतरा लवकर."

घाई खरीच करावी लागते. इथून वाटा फुटतात. एक विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जतला जाते, दुसरी शहाड, टिटवाळा, आसनगाववरून कसाऱ्याला. बदलापूरच्या माणसाला शहाड दिसलं की समजावं, आता परत कल्याण. म्हणून नवख्यांना सांगणं एकच. इंडिकेटरवर वेळेआधी अक्षर बघा. 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा, 'बीएल' बदलापूर, 'टीएल' टिटवाळा.

आता तक्रारीकडे वळू. कल्याणपर्यंत सुसाट आलेली गाडी पुढे रखडते का? एक तर कल्याणच्या पुढे फास्ट लोकलही प्रत्येक स्टेशन घेते. आणि मुख्य कारण रुळांचं. मुंबई ते कल्याण किमान चार मार्ग आहेत, त्यामुळे स्लो आणि फास्ट एकमेकींच्या आड येत नाहीत. कल्याण सोडलं की दोन्ही फाट्यांवर मुख्यतः दोनच, एक जायचा, एक यायचा. त्याच रुळांवरून लोकल, नाशिक-पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही. मागून एक्स्प्रेस आली की लोकल सिग्नलला उभी. डब्यात मोटरमनच्या नावाने बोटं मोडली जातात. त्या बिचाऱ्याच्या हातात काय आहे? सिग्नल लाल, गाडी उभी.

लोकल कसारा आणि कर्जतलाच का संपते, हेही सांगतो. पुढे घाट लागतो, कसाऱ्याला थळघाट, कर्जतला बोरघाट. दोन्हीकडे चढ असा की ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. सपाटीवर लांबलचक मेल सहज ओढणाऱ्या इंजिनाचीही इथे दमछाक होते, म्हणून या दोन स्टेशनांवर गाडीला जादा इंजिनं लावतात. त्यांना म्हणतात बँकर. सवड असेल तर कर्जतला फलाटावर थांबून ती जोडताना बघा. कपलिंग बसल्याचा ठण्ण आवाज वडापावच्या गाड्यापर्यंत येतो. कर्जतहून खोपोलीला मात्र लोकल जाते, कारण ती वाट घाट न चढता पायथ्याशीच संपते. तो मार्ग एकेरी, त्यामुळे फेऱ्याही मोजक्याच.

यावर इलाज एकच, जास्तीचे रूळ. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग आणि कसाऱ्याकडे तिसरा मार्ग यांची कामं हाती घेतली आहेत. ती होईपर्यंत खर्डी-वांगणीकडच्या मंडळींनी घड्याळ बघूनच घराबाहेर पडावं. ठाणेकरांची एक गाडी चुकली तर दुसरी मागोमाग असते, तुमची तशी नसते.

नमस्कार.