उपजत दम

[दृश्य: ट्रेडमिलचा पट्टा. आवाज फक्त मोटरचा.]

पट्टा चढाचा आहे, 15 अंशांचा. वेग मिनिटाला 10 मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही कितीतरी कमी. दर दोन मिनिटांनी त्यात एका मीटरची भर पडते. पट्ट्यावर अकरा आठवड्यांचा उंदीर आहे आणि त्याच्या पाठीशी विजेचा हलका झटका देणारी जाळी.

सुरुवातीला गडी मजेत पळतो. मग हळूहळू मागे सरकू लागतो. जाळीचा झटका बसला की दचकून पुन्हा पुढे येतो. पण एक वेळ अशी येते की त्याला पळण्यापेक्षा झटका परवडतो! तिसऱ्यांदा मागे घसरून तो दोन सेकंद जाळीवरच बसून राहिला की चाचणी संपली. किती मीटर पळाला ते वहीत लिहायचं. असं ओळीने पाच दिवस, आणि त्यातली सर्वात मोठी धाव धरायची.

या उंदरांना पळण्याची तालीम दिलेली नसते, पट्ट्याची ओळख करून दिलेली असते इतकंच. त्यामुळे इथे मोजला जातो तो कमावलेला दम नव्हे. जन्मताना घेऊन आलेला दम.

[दृश्य: पिंजऱ्यांच्या रांगा, दोन बाजूंना.]

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात लॉरेन कोच आणि स्टीव्हन ब्रिटन यांनी 1996 साली हे काम सुरू केलं. हाताशी होते 168 उंदीर, आठ वाणांच्या मिश्रणातून आलेले, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या भरपूर सरमिसळ असलेले. सगळ्यांना पळवलं. सर्वात जास्त पळणाऱ्यांच्या जोड्या एकीकडे लावल्या, सर्वात कमी पळणाऱ्यांच्या दुसरीकडे. पिल्लं मोठी झाली की पुन्हा तोच पट्टा, पुन्हा तीच निवड. चांगल्या कणसाचं बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची ही जुनीच रीत. फरक एवढाच की इथे हलक्या कणसाचं बीही तितक्याच निगुतीने राखलं. जवळच्या नात्यात जोड्या लागू नयेत म्हणून कुटुंबं आलटून पालटून जुळवली.

सहाव्या पिढीत एका घराण्याची सरासरी धाव 839 मीटर झाली, दुसऱ्याची 310. पट्ट्याच्या वेगावरून हिशेब केला तर एक उंदीर सुमारे 42 मिनिटं टिकतो आणि दुसरा 21 मिनिटांतच जाळीवर बसतो. अकराव्या पिढीत ही तफावत 347 टक्क्यांवर गेली.

इथवरची गोष्ट तशी अपेक्षितच म्हणायची. पळणाऱ्यांची पिल्लं पळणार. खरी गंमत पुढे आहे.

2005 साली नॉर्वेतले उल्रिक विसलोफ आणि टोलीडोचे हे दोघे यांनी मिळून या अकराव्या पिढीची कसून तपासणी केली. कमी दमाच्या उंदरांचा रक्तदाब जास्त निघाला. पोटात चरबी जास्त, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त, इन्सुलिन चढलेलं. दवाखान्यात पन्नाशीच्या माणसाच्या हाती येणारा रिपोर्टच जणू. आणि निवड करताना कोणी कधी रक्तदाब मोजला नव्हता की साखर पाहिली नव्हती. मोजले होते ते फक्त मीटर. आजार मागून आपोआप आले.

असं का व्हावं? एक धागा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत जातो. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याचं काम तिथे चालतं. कमी दमाच्या उंदरांच्या स्नायूंमध्ये या कामाला लागणारी प्रथिनंच कमी सापडली. दुसरी बारीक गोष्ट मला फार आवडते. सातव्या पिढीपर्यंत जास्त पळणाऱ्यांचं हृदय काही वेगळं नव्हतं. त्यांचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला ओढून घेत होते, एवढंच. पंधराव्या पिढीपर्यंत हृदयही एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागलं होतं. आधी मागणी वाढली, पुरवठा मागून आला.

2011 मध्ये आयुष्याचा हिशेब लागला. कमी दमाच्या उंदरांचं आयुर्मान 28 ते 45 टक्क्यांनी कमी भरलं.

[दृश्य: पुन्हा पट्टा. या वेळी वेग कमी-जास्त होतो.]

मग व्यायामाने यात काही फरक पडतो का? नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये कमी दमाच्याच उंदरांना आठ आठवडे पळवलं. काहींना मध्यम वेगाने सलग, काहींना जोरात, मग थोडं हळू, पुन्हा जोरात, अशा टप्प्याटप्प्याने. ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता सलग पळणाऱ्यांची 10 टक्क्यांनी वाढली, टप्प्याटप्प्याने पळणाऱ्यांची 45 टक्क्यांनी. रक्तदाबही उतरला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही.

पण कोच आणि ब्रिटन यांनी आणखी एक घराणं-जोडी तयार केली. या वेळी निवड धावेवर नाही, तालमीने धाव किती वाढते त्यावर. पंधरा पिढ्यांनंतर दोन्हीकडचे उंदीर तालमीआधी जवळपास सारखेच पळत. मग आठ आठवडे सारखीच तालीम. एका घराण्याची धाव सरासरी 223 मीटरने वाढली. दुसऱ्याची 65 मीटरने घटली. तोच पट्टा, तेवढाच वेळ, तेवढाच घाम. उंदराला घाम फारसा येत नाही म्हणा.

म्हणजे वारशाने दोन गोष्टी वेगवेगळ्या येतात: किती दम आहे, आणि तो किती वाढू शकतो.

[दृश्य: रात्र. पिंजऱ्यातलं चाक फिरतं आहे.]

फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात जास्त आणि कमी दमाच्या उंदरांना पिंजऱ्यात चाक दिलं, वाटेल तेव्हा पळा म्हणून. आयुष्य काही त्यामुळे वाढलं नाही. पण 2016 साली तिथल्याच संशोधकांनी मेंदू तपासला. हिप्पोकॅम्पस, म्हणजे शिकण्या-लक्षात ठेवण्याशी जोडलेला भाग. चाकावर लांब पळणाऱ्या उंदरांमध्ये तिथे नव्या चेतापेशी सर्वात जास्त होत्या, त्यातही ज्यांच्या घराण्यात तालीम लागू पडते त्यांच्यात. ट्रेडमिलवर झटपट जोर लावणाऱ्यांमध्ये थोड्याच. आणि शेपटीला वजन बांधून उभी शिडी चढणारे उंदीर? अंगाने चांगले ताकदवान झाले. नव्या पेशी मात्र नुसत्या बसून राहिलेल्या उंदरांइतक्याच.