कडकनाथचा कोंबडा निवडताना

नमस्कार मंडळी. आज कडकनाथबद्दल बोलायचंय, कडकनाथ पाळणं आणि मुख्य म्हणजे त्याची जात शुद्ध राखणं. रेट काय मिळतो ते आज बोलणार नाही, ते तुम्ही बाजारात विचारालच. खुराडं, दाणापाणी हेही तुम्हाला सांगायला नको, घरोघरी कोंबड्या आहेतच. माझं सांगणं एकच, कोंबडा पारखून घ्या. कोंबडा चुकला की पुढची सगळी पिल्लं चुकली, म्हणून हे मी मधेमधे परत सांगत राहणार.

हा पक्षी मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातला. आपल्या नंदुरबारच्या पलीकडे, नर्मदा ओलांडली की तो मुलूख सुरू होतो. भिल्ल आणि भिलाला लोकांनी तो पिढ्यानपिढ्या राखलाय, तिकडे कालीमासी म्हणतात, देवाच्या नवसालाही तोच लागतो. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं, पण राखणदारी त्या लोकांची, हे विसरू नये असं मला फार वाटतं. पिसं, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण सगळं काळपट असतं. रक्त मात्र लालच, आणि अंडं फिकट तपकिरी. मोबाईलवर ती काळीकुट्ट अंडी दाखवतात ना, ते खोटं आहे, त्याला पैसे मोजू नका.

आता एक प्रसंग सांगतो. झाबुआकडच्या एका आठवडी बाजारात आमच्या ओळखीच्या एका तरुण पोराबरोबर गेलो होतो, धुळ्याकडचा पोरगा, कडकनाथ सुरू करायचा म्हणून हौसेनं निघालेला. एका व्यापाऱ्याकडे त्याला एक कोंबडा आवडला, खरंच देखणा, पिसांवर हिरवट चमक, तुरा गडद जांभळा, आणि किंमत अशी की ऐकून मी गप्प झालो. पोरगा पैसे काढणार तेवढ्यात शेजारी एक म्हातारे बाबा आपलं डालगं घेऊन बसले होते ते म्हणाले, जरा इकडे दे. त्यांनी कोंबडा हातात घेतला, तुऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी छातीच्या पिसांवर फुंकर मारली, पिसं फाकली, आतली कातडी बघितली. मग पंख उघडून काख बघितली. मग पाय उलटे करून तळवे बघितले. आणि शेवटी दोन बोटांनी चोच उघडून जीभ बघितली, आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवली. जिभेचं टोक काळं, पण मागची बाजू चक्क गुलाबी. टाळूही गुलाबी, म्हणजे क्रॉस, दुसऱ्या जातीची भेसळ. बाबा म्हणाले, "खाने को अच्छा, रखने को नहीं."

पोरगा म्हणाला, बाबा, मग तुमच्या डालग्यातला द्या, त्याच्यापेक्षा जास्त देतो. बाबांनी मान हलवली. विकायला एक तलंग, म्हणजे तरुण मादी, आणलीय म्हणाले, कोंबडा घरच्या माद्यांसाठी बदलून घेतलाय, तो घरीच चाललाय, आणि तुला कोंबडा पाहिजे तर एकटा कोंबडा बघून काय कळणार, त्याची आई बघ, त्याची भावंडं बघ, चल घरी.

आम्ही गेलो. डोंगराच्या उतारावर फलिया, म्हणजे पाडा, एकेक घर लांबलांब. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, सगळ्यांची जीभ, कातडी आतपर्यंत काळी, आणि ओसरीच्या कोपऱ्यात टोपलीत एक साधी तांबडी गावरान कोंबडी खुडूक बसलेली. बाबांनी तिला जरा उचललं तर खाली कडकनाथची अंडी! कारण कडकनाथची मादी अंड्यावर बसायला फारशी तयार नसते, बसली तरी अर्ध्यात उठते, म्हणून अंडी कडकनाथची आणि ऊब गावरानची. तो बदलून घेतलेला कोंबडा बहिणीच्या गावचा होता. बाबांचा नेम असा की दर एक-दोन वर्षांनी आपला कोंबडा बहिणीकडे द्यायचा आणि तिकडचा इकडे आणायचा, म्हणजे बाप-लेकीचा, भावा-बहिणीचा जोड लागत नाही. शाळा न शिकलेल्या माणसानं एका टोपलीपाशी उभं राहून अख्खं ब्रीडिंग आम्हाला समजावलं. पोरानं शेवटी आई बघून, भावंडं बघून एक नर आणि दोन तलंगा घेतल्या. येताना मी त्याला पाय बांधून उलटं लटकवू दिलं नाही, मोटारसायकलला कोंबड्या तशा लटकवून नेतात ते मला बघवत नाही, टोपली मिळते हो दहा ठिकाणी.

तर मंडळी, कोंबडा पारखून घ्या. छातीची कातडी, काख, पायाचे तळवे, जीभ, टाळू. काळी पिसं बघून घेऊ नका, क्रॉसच्या पिल्लांतही काळेपणा उतरतो. अंगावर सोनेरी किंवा पांढरट रेघा असल्या तर घाबरू नका, जेट ब्लॅक, पेन्सिल्ड, गोल्डन असे तिन्ही प्रकार कडकनाथचेच.

बाकी थोडक्यात. एका नराला 8 ते 10 माद्या. मादी साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते, वर्षाला 80 ते 100 अंडी, यापेक्षा जास्त कबूल करणारा माणूस दिसला की त्याच्यापासून लांब राहा. 2019 साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावानं लोकांचे किती पैसे बुडाले ते तुम्हाला ठाऊक आहेच, माझा अजूनही त्यावर संताप होतो, कारण बदनाम झाला तो पक्षी. कोंबडा दीड-दोन किलोचा होतो, वाढ सावकाश, ब्रॉयलरची घाई इथे चालत नाही.

अंडी उबायला 21 दिवस, खुडूक गावरान असेल तर तिच्याखालीच ठेवा. मशीन असेल तर इन्व्हर्टर पाहिजेच, उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते काय सांगू. पिल्लांना पहिला आठवडा 35 अंशांच्या आसपास ऊब, मग हळूहळू कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर गरम होतंय, थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. देशी पक्षी आहे, काटक आहे, म्हणून लस टाळू नका, मानमोडी रोग देशी-विदेशी बघत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, आठव्या आठवड्यात आर टू बी, दोन्ही मानमोडीच्याच लसी, मधलं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. आणि लसीची बाटली बर्फातूनच घरी आणा, थर्मास घेऊनच जा दवाखान्यात. नमस्कार.