दीड किलोची आई

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. दवाखान्यात एक काकू आल्या, खांद्याला भाजीची कापडी पिशवी. मला वाटलं, आता त्यातून फाइल निघेल. निघाले ते दोन मोठाले कान, आणि मागोमाग दोन डोळे. ही चिंगी, चिवावा जातीची कुत्री. कागदावर काही जण चिहुआहुआ लिहितात, मेक्सिकोतल्या एका राज्याचं ते नाव. वय दोन वर्षं. तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवली तर भरली १ किलो ५२० ग्रॅम.

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, परवा हीटवर आलीय. शेजारच्या सोसायटीत तिच्याच जातीचा नर आहे. क्रॉस करू का? घरात सगळे म्हणतात, एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत तिला."

त्या "एकदा तरी"चं आधी सांगून टाकतो. पिल्लं झाल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, यातलं काहीही खरं नाही. आई न झाल्याची खंत आपण तिच्या वतीने करतो, ती करत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की हे बाळंतपण चिंगीला झेपेल का?

थोडा हिशेब करू. चिवावाचं नवजात पिल्लू साधारण ७० ते १५० ग्रॅमचं असतं. समजा, १२० ग्रॅम. चिंगीच्या वजनाच्या आठ टक्के झालं. ५५ किलोच्या बाईच्या पोटी जवळजवळ साडेचार किलोचं बाळ असावं, तसं. आणि तीस किलोच्या लॅब्राडॉरचं पिल्लू तिच्या वजनाच्या जेमतेम दीड टक्का भरतं. आई लहान झाली म्हणून पिल्लू त्या मापात लहान होत नाही, हे यातलं दुखणं. त्यात चिवावाचं डोकं सफरचंदासारखं गोल, आणि जिथून ते बाहेर यायचं ती कमरेची हाडं अरुंद. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणात अडणाऱ्या जातींमध्ये फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पग यांच्या रांगेत चिवावा होती. मिश्र जातीच्या कुत्रीच्या तुलनेत तिची अडण्याची शक्यता सुमारे दहापट निघाली.

जाणते ब्रीडर सांगतात, मादी निदान दोन-सव्वादोन किलोची हवी. आकडा वाईट नाही, पण ती काही शास्त्राने मारलेली रेघ नाही. अडीच किलोची अडलेली मी पाहिलीय आणि पावणेदोन किलोची सुखरूप सुटलेलीही. मला वजनाच्या आधी दुसरं काहीतरी विचारायचं असतं. ही लहान का आहे?

घराणंच लहान असेल तर एक गोष्ट. कुत्र्यांच्या आकारामागे आयजीएफ-१ नावाच्या जनुकाचा मोठा हात आहे, हे २००७ साली कळलं. पुढे २०२२ मध्ये असं दिसलं, की लहान आकाराकडे नेणारं त्याचं रूप ५४ हजार वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या एका लांडग्यातही होतं. म्हणजे लहान असणं हा काही रोग नाही. पण आई साडेतीन किलोची, भावंडं तीन-तीन किलोची, आणि ही एकटीच दीड किलोवर अडून राहिली असेल, तर मी सावध होतो. कारण मग मुख्य शक्यता दोन. एक तर हिच्यात काहीतरी आजार दडलाय, यकृताला बगल देणारी रक्तवाहिनी किंवा डोक्यात साठलेलं पाणी. नाहीतर ती पोटात आणि पोटाबाहेर दूध-जागेच्या झटापटीत मागे पडली. ही दुसरी शक्यता वरून निरुपद्रवी दिसते, पण धोका तिच्यातच जास्त. कारण अंग लहान राहिलं तरी रक्त मोठ्यांचंच आहे. तिची पिल्लं तिच्या आईच्या, मावशांच्या मापाची होऊ शकतात, आणि यायचं मात्र हिच्या वाटेने.

खेड्यातल्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. पहिलटकर कालवडीला भरवताना वळू कुठला, हे शेतकरी विचारतोच. लहान चणीच्या कालवडीला दांडग्या वळूचं वीर्य दिलं, की गाय अडते आणि मध्यरात्री डॉक्टरच्या दाराची कडी वाजते. शहरात मात्र नराची चौकशी त्याच्या रंगावर आणि केसांवर संपते. मी काकूंना दोन कामं दिली. चिंगी जिथून घेतली त्यांना फोन करून तिच्या आईचं, बापाचं, भावंडांचं वजन विचारा. आणि त्या सोसायटीतल्या नराच्या घराण्याचंही.

मग चिंगीला टेबलावर घेतलं. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अंगठ्याने हलकेच ढकलून पाहिली. डावी सरकली, पाय सरळ केल्यावर आपोआप जागेवर आली. ती चालताना मध्येच तीन पायांवर उडी मारते का, विचारलं. काकू हसून म्हणाल्या, "हो, ती तिची स्टाइल आहे." ती स्टाइल नव्हती. वाटी सरकण्याचा हा दोष पिढीतून पुढे जातो. डोक्यावर बोट फिरवलं तर टाळू मसुरीएवढी उघडी. चिवावात उघडी टाळू इतकी सर्रास असते, की तेवढ्यावरून आजारी म्हणता येत नाही. मात्र जोडीला डोळे बाहेर वळलेले, चाल अडखळती, झटके, असं काही असेल तर पुढची तपासणी हवी. चिंगीला यातलं काही नव्हतं. हृदयाचा आवाज स्वच्छ होता.

आता समजा, सगळं बरं निघालं आणि मेटिंग झालं. पुढे सुमारे ६३ दिवस. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी, आणि पंचावन्नाव्या दिवसानंतर एक एक्स-रे, डोकी मोजायला. इतक्या लहान कुत्रीच्या पोटात बहुतेक वेळा एक, दोन, फार तर तीन पिल्लं असतात. लोकांना वाटतं, एकच आहे म्हणजे सोपं. उलट आहे. एकटं पिल्लू सगळं पोषण घेऊन मोठं होतं. शिवाय कळा सुरू करायचा संकेत पिल्लांकडून येतो, आणि एकट्याचा तो निरोप इतका क्षीण असू शकतो की कळा येतच नाहीत.

बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांत तिचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावं. ते ३७ अंशांच्या आसपास उतरलं, की बहुधा चोवीस तासांत कळा. जोराच्या कळा अर्धा तास देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट काळं पाणी दिसलं, तर तेवढ्यावर उठून दवाखाना गाठायचा. हिरवं पाणी म्हणजे वार सुटली, आत पिल्लू गुदमरतंय. हे सगळं रात्री अडीचला होतं, आणि तेव्हा सिझेरियन करणारा डॉक्टर तुमच्या गावात आहे का? मेटिंगच्या आधी विचारायची गोष्ट आहे ही, आणि ती सहसा कोणी विचारत नाही.

बाळंतीण सुटली तरी मी फोन उशाशी ठेवतो. म्हशीला व्यायल्यावर दुग्धज्वर होतो, अंगातलं कॅल्शियम दुधात ओढलं जातं. या लहान कुत्र्यांना तेच होतं, पण दोन-तीन आठवड्यांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर. धाप, थरथर, ताठलेले पाय, तापलेलं अंग. तासाभराचा उशीरही महागात पडतो. आणि प्रेमाने गाभणपणात कॅल्शियमचं औषध पाजू नका. शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं आणि धोका वाढतो.

चहाच्या कपात मावतील इतकी लहान म्हणून जी कुत्री विकतात, त्या "टीकप"बद्दल दोनच वाक्यं. टीकप नावाची जात कुठल्याही मोठ्या केनेल क्लबच्या यादीत नाही, तो विकणाऱ्याचा शब्द आहे. आणि विकण्यासाठी पैदास करायची असेल, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी अठरा महिन्यांच्या आत वापरता येत नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. काकूंना पिल्लं विकायची नव्हती, हे सांगायला हवं. एक बहिणीला, एक घरी, असा बेत होता.

मी त्यांना नाही म्हटलं नाही. ही हीट जाऊ द्या, सहा महिन्यांनी पुन्हा येईल, तोवर माहिती जमवा, एवढंच म्हटलं. चार दिवसांनी फोन आला. चिंगीची आई साडेतीन किलोची, भावंडं तीनच्या पुढे. आणि त्या नराच्या मालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की त्यांचा बापू सव्वातीन किलो आहे. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बहिणीला सांगते, दुसरीकडून आण."

हीट उतरून अडीच महिने झाल्यावर आम्ही नसबंदीची तारीख ठरवली. आदल्या संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन. "डॉक्टर, माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला रात्रभर उपाशी ठेवलं होतं. हिलाही आत्तापासून बंद करते."

म्हटलं, "काकू, थांबा. दीड किलोच्या जिवाची साखर रात्रभरात उतरते. रात्री नेहमीसारखं जेवू द्या, झोपायच्या आधी चार दाणे अजून द्या. सकाळी मी सांगेन तेव्हाच वाटी उचला. आणि येताना त्याच पिशवीत आणा, तिला सवय आहे."