दुधाची गाडी आणि ओआरचा तास

(ऑपरेशन्स रिसर्च शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. इथे इंजिनिअरिंगवाले आहेत, मॅनेजमेंटवाले आहेत, संख्याशास्त्राचे आहेत. ओआर, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे हाताशी असलेल्या साधनांत सगळ्यात चांगला निर्णय गणिताने शोधायचं शास्त्र, हे तुम्हाला सांगत बसत नाही. मला विषय दिलाय ‘ओआरच्या अध्यापनात व्यावसायिक संघटनांचा वाटा’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एका दुधाच्या गाडीबद्दल सांगतो. ती गाडी भेटली नसती तर या विषयावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम चाललेला, म्हणजे कुठल्या कारखान्यातून कुठल्या गोदामात किती माल धाडला की खर्च कमी येतो. तीन कारखाने, चार गोदामं. सोडवायच्या पद्धती ठरलेल्या: आधी नॉर्थ-वेस्ट कॉर्नर, मग व्होगेल, मग मोडी. तुमच्यापैकी कित्येकांनी याच आठवड्यात हेच शिकवलं असेल. फळा भरला, पुसला, परत भरला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. संगमनेरकडचा. वडिलांची पिकअप गाडी, दूध गोळा करायचा धंदा. म्हणाला, “सर, आमच्या गाडीला रोज सकाळी अकरा गावं असतात. कुठून सुरुवात करायची आणि कुठे संपवायचं, ते यातून निघेल का?”

मी म्हटलं, “हा ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम नव्हे. हा व्हेइकल राउटिंग, गाडीने कुठली ठिकाणं कुठल्या क्रमाने घ्यायची त्याचा. तो आपल्या सिलॅबसमध्ये नाही.”

“बरं सर,” म्हणाला आणि खाली बसला.

ते ‘बरं सर’ माझ्या डोक्यातून गेलं नाही. डँट्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा मांडला, तोही पेट्रोलच्या टँकरसाठी. एका डेपोतून निघायचं आणि बऱ्याच पंपांवर माल पोचवायचा. म्हणजे त्या मुलाने जवळपास तोच प्रश्न विचारला होता, फक्त पेट्रोलच्या जागी दूध आणि पोचवायच्या जागी उचलायचं. आणि मी त्याला सिलॅबस दाखवला.

त्या शनिवारी मी त्याच्या गावी मुक्कामाला गेलो. पहाटे साडेचारला गाडी निघाली. मागे चाळीस लिटरचे ॲल्युमिनियमचे कॅन. रिकाम्या कॅनांचा आवाज इतका होतो की ड्रायव्हरच्या शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागतं. प्रत्येक केंद्रावर तेच दृश्य: किटल्या घेऊन बायका-माणसं रांगेत, एक पोरगा लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघतोय, एक जण फॅट मशीनवर, सेक्रेटरी वहीत आकडे चढवतोय. भरलेले कॅन वर, रिकामे खाली, गाडी पुढे. अकरा वेळा. मी वहीत अंतरं आणि वेळा टिपल्या. घरी येऊन दोन रात्री बसलो, आधी जवळचं गाव, मग अदलाबदल, मग परत अदलाबदल, आणि रोजचे सात किलोमीटर वाचतील असा रस्ता काढला. फार खूश होतो.

पुढच्या रविवारी कागद घेऊन गेलो. मुलाच्या वडिलांनी शांतपणे वाचला. मग एका गावावर बोट ठेवून म्हणाले, “सर, हे गाव तुम्ही शेवटी टाकलंय. इथे लोक पाचला धार काढतात. गाडी आठला गेली तर दूध तीन तास तसंच उभं. मे महिन्यात ते नासणार. नासलेलं दूध डेअरी परत पाठवते, आणि ते पैसे माझ्या हिशोबातून कापले जातात.” मग दुसरं बोट. “या दोन गावांमधल्या ओढ्यावरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो.” तिसरं बोट. “इथला सेक्रेटरी वर्तमानपत्रं टाकून मग येतो. साडेसहाच्या आत केंद्र उघडतच नाही.”

मंडळी, ज्याला आपण वर्गात ‘टाइम विंडो’ म्हणतो, म्हणजे ठरलेल्या वेळेतच पोचायची अट, ती मला त्या दिवशी एका दूधवाल्याच्या बोटाखाली दिसली. माझ्या मॉडेलचं उद्दिष्टच चुकलं होतं. मी डिझेल वाचवत होतो. त्यांना दूध वाचवायचं होतं.

आता यात संघटना कुठे आली? इथे आली. तो कागद घेऊन मी कोणाकडे जाणार होतो? कॉलेजात ओआर शिकवणारा मी एकटा. तुमच्यातही बहुतेक जण आपापल्या कॉलेजात एकटेच असतील. त्याच वर्षी एका अधिवेशनाला गेलो होतो. माझा पेपर वेगळाच होता, क्यूइंगवरचा, म्हणजे रांगांच्या गणितावरचा. तो ऐकायला सात माणसं होती. पण चहाच्या रांगेत एका निवृत्त गृहस्थांशी गाठ पडली. सारी नोकरी बसगाड्यांची वेळापत्रकं लावण्यात गेलेली. मी दुधाच्या गाडीचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि तीन गोष्टी विचारल्या. गाडी कुठे उशिरा पोचली तर भांडण होतं? ड्रायव्हर कोणता रस्ता टाळतो? नुकसान झालं तर कोणाच्या खिशातून जातं?

बघा, पहिल्या प्रश्नातून वेळेच्या अटी निघतात, दुसऱ्यातून कोणते रस्ते धरायचे ते ठरतं, आणि तिसऱ्यातून ऑब्जेक्टिव्ह फंक्शन, म्हणजे नेमकं काय वाढवायचं किंवा वाचवायचं ते. कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला हे असं मिळालं नव्हतं. ते तीन प्रश्न मी आजही पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो आणि सेमिस्टर संपेपर्यंत पुसू देत नाही.

खरं तर आपला विषयच माणसं एकत्र बसल्यामुळे जन्माला आला. १९४० साली इंग्लंडमध्ये विमानविरोधी तोफांसाठी भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी जो गट जमवला, त्यात अकरा माणसं होती: तीन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, एक खगोलभौतिकीवाला, एक जमीन मोजणारा, एक लष्करी अधिकारी, बाकी गणित आणि भौतिकशास्त्रातले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ तोफेपाशी काय करणार, असं तेव्हाही कोणाला वाटलं असेलच. पण त्या माणसांनी एकमेकांना प्रश्न विचारले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी जे सुरू केलं त्याचं नावच ‘ऑपरेशनल रिसर्च क्लब’ होतं. क्लब! पुढे १९५३ मध्ये त्याची सोसायटी झाली. आपल्याकडे ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९५७ मध्ये कोलकात्यात स्थापन झाली. देशाच्या नियोजनात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा शब्द चालत होता तो काळ. १९६४ पासून सोसायटीचं ‘ऑपसर्च’ हे नियतकालिक निघतं. म्हणजे आपल्याला घर आहे. सत्तरीच्या घरातलं, चांगलं वाडवडिलांचं घर. त्या घरात शिकवण्याबद्दलच्या गप्पा मात्र आपण फार कमी मारतो, ही माझी तक्रार आहे.

तक्रारीचा विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत पाच दिवसांच्या प्राध्यापक प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय: ओआरचं अध्यापन. पाचही दिवस वक्त्यांनी स्लाइड वाचल्या. सिम्प्लेक्स, म्हणजे पायरीपायरीने उत्तर सुधारत नेण्याची पद्धत, तिची तीन कोष्टकं एका स्लाइडवर, मागून एक आकडा दिसत नव्हता. चाळीस शिक्षक बसलेले, कोणी पंधरा वर्षं शिकवणारा, कोणी पंचवीस. त्या चाळीसांना एकदाही कोणी विचारलं नाही की तुमच्या वर्गात मुलं कुठे अडतात? ड्युअल, म्हणजे त्याच प्रश्नाची साधनांच्या किमतींच्या बाजूने केलेली मांडणी, तुम्ही कसा समजावता? शेवटच्या दिवशी दुपारी फीडबॅक फॉर्म, मग सर्टिफिकेट, मग फोटो. माझ्या शेजारी विदर्भातल्या एक बाई होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं की गेम थिअरी त्या सोंगट्या घेऊन शिकवतात. मी दहा मिनिटांत जे शिकलो ते पाच दिवसांतलं एकमेव शिक्षण. आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्या खोलीत मिळून काही शे वर्षांचा अनुभव बसला होता आणि तो तसाच घरी गेला.

आता इकडे टेबलावर बघा. हे लाकडी ठोकळे आमच्या सुताराकडून करून घेतलेत. सहा मोठे, आठ लहान. अमेरिकेतल्या नॉर्मन पेंडेग्राफ्ट या प्राध्यापकांनी १९९७ मध्ये हा खेळ लेगोचे ठोकळे घेऊन मांडला आणि ओआरवाल्यांच्या नियतकालिकात सगळ्यांसाठी छापला. एका टेबलाला दोन मोठे, दोन लहान, नफा १६ रुपये. एका खुर्चीला एक मोठा, दोन लहान, नफा १० रुपये. काय काय बनवाल?

(मागून आवाज: “तीन टेबलं!”)

तीन टेबलं. ४८ रुपये. वर्गातही पहिलं उत्तर हेच येतं, कारण टेबलात नफा जास्त दिसतो. पण दोन लहान ठोकळे उरले बघा. एक टेबल मोडा. आता हातात दोन मोठे, चार लहान. दोन खुर्च्या झाल्या. ३२ आणि २०, ५२ रुपये. कोष्टक नाही, पिव्होट नाही, आणि सिम्प्लेक्सची एक पायरी मुलाने स्वतःच्या हातांनी केली.

आता मजा बघा. मी एक मोठा ठोकळा विकायला काढतो. किती द्याल? पाच? आठ? करून बघा. सात मोठे, आठ लहान: तीन टेबलं, एक खुर्ची, ५८ रुपये. म्हणजे सहा रुपयांपर्यंत द्यायला हरकत नाही, सातवा रुपया दिलात की खोट. हीच शॅडो प्राइस. आता एक लहान ठोकळा घ्या. ड्युअल म्हणतो त्याची किंमत दोन रुपये. पण एकाने काहीच होत नाही, अर्धं टेबल कोण घेणार? लहान दोन घ्या, एक टेबल आणि चार खुर्च्या, ५६. चार रुपये वाढले. इथे मुलं आपण होऊन विचारतात, “सर, मग पूर्णांकच हवे असतील तर?” इंटिजर प्रोग्रॅमिंगचा धडा तिथेच सुरू होतो. जो ड्युअल मी वीस वर्षं फळ्यावर समजावत होतो, तो चौदा ठोकळ्यांत समजला. एका शिक्षकाने आपली युक्ती स्वतःपुरती ठेवली नाही म्हणून.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सहा मिनिटं राहिली. मुख्य मुद्दा आत्ता येतोय, तेव्हा भराभर सांगतो.

बाहेरच्या संघटना शिकवण्यासाठी काय करतात? अमेरिकेतली ‘इन्फॉर्म्स’. १९९५ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. तिने २००० साली निव्वळ अध्यापनाला वाहिलेलं ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन एज्युकेशन’ हे नियतकालिक सुरू केलं, तेही इंटरनेटवर, फुकट. त्यात केस स्टडी येतात, वर्गात खेळायचे खेळ येतात, कोडी येतात. म्हणजे वर्गात काय केलं हे लिहिणं तिथे संशोधनाच्या पंगतीला बसतं. आपल्याकडे असं लेखन बढतीच्या अर्जात कुठे धरतात, सांगा. तिथेच १९७२ पासून एडलमन पुरस्काराची स्पर्धा चालते, प्रत्यक्ष कामातल्या ओआरसाठी. एका तासात एक प्रकल्प मुलांसमोर ठेवा, विषयाची पत कळते. इंग्लंडची सोसायटी आपले सदस्य शाळांमध्ये पाठवते. वर्गातला एक्सेलचा सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारी सोय, २०० चलांवर (शोधायच्या आकड्यांवर) थांबतो, म्हणून न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या अँड्र्यू मेसन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘ओपनसॉल्व्हर’ केला आणि जगाला मोफत देऊन टाकला. माझी अकरा गावं आता त्यावरच सुटतात.

आणि एक गोष्ट राहून जाते म्हणून सांगतो. १९८४ मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे या ठोकळ्यांसारखे प्रश्न सोडवायची, नवी पद्धत काढून जगभर खळबळ उडवणारे नरेंद्र करमरकर आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, आपल्यातले. दर वर्षी वर्गात विचारतो, हे नाव कोणी ऐकलंय? हात वर होत नाहीत. सिम्प्लेक्स शक्य उत्तरांच्या आकृतीच्या टोकाटोकाने, कडेकडेने जातो आणि करमरकरांची वाट आतून जाते, एवढं तरी आकृती काढून सांगूया. पाच मिनिटं लागतात.

आता मागणं. आपल्या अधिवेशनांत एक सत्र पेपरांविना ठेवा. येताना प्रत्येकाने आपल्या भागातला एक प्रश्न आणायचा, कच्च्या आकड्यांसकट. ऊसतोडीच्या टोळ्या, एसटीच्या फेऱ्या, सरकारी दवाखान्याची रांग, बाजार समितीतले गाळे, काहीही. सोबत एका पानावर लिहायचं की वर्गात तो चालवताना माझं काय चुकलं. ते पान सगळ्यात मोलाचं. मी दुधाचा प्रश्न अशा तऱ्हेने चार कॉलेजांत दिला. कोकणातल्या एका सरांनी तो मासळीच्या टेम्पोला लावला आणि मला उलट कळवलं की बर्फ वितळण्याचा वेळ तुमच्या मॉडेलमध्ये धरताच येत नाही. खरंच येत नव्हता. आता येतो. पदवीच्या मुलांना सभासद करून घ्या, आणि निवृत्त झालेल्या वेळापत्रकवाल्यांना, गोदामवाल्यांना, प्लॅनिंगवाल्यांना आग्रहाने बोलवा. आणि चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची नको, पाऊण तासाची करा. हे मी मनापासून मागतोय.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. दारापाशी टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. आत अकरा गावांची अंतरं, धारेच्या वेळा, कॅनांचे आकडे, आणि वडिलांनी बोट ठेवलेला माझा तो चुकलेला रस्ता आहे. एकेक घेऊन जा. आणि ज्यांनी आज स्वतःचे आकडे आणलेत, त्यांनी चहाला मला गाठा, मी ठोकळ्यांपाशीच उभा आहे.